दोन गड्यांचा कोयता

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं. शेवटी शेवटी ती खाटेवरच होती. तिला उचलून बसवायचं, पुसायचं, पेज भरवायची, सगळं मीच केलं. सुना करत नव्हत्या असं नाही, पण हिला त्यांचा हात चालत नव्हता. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल चोळत होतो. ती म्हणाली, "आवं, मी मेल्यावर जाल का त्याच्याकडं?"

इतक्या वर्षांत तिनं हा विषय असा उघडा कधी काढला नव्हता. मी म्हणालो, "आता या वयात कुठं जातो?"

"जा की. कोन आडवतंय?" ती म्हणाली. "पर दात पडल्यावर ऊस कोन खातंय?" आणि खोकला येईपर्यंत हसत राहिली. मग मीच तिला पाणी पाजलं.

अशी होती. तिच्यासाठी मी रडलो, अजूनही रडतो. पहाटे उठलो की खाटेखालचं भांडं भरलंय का बघायला वाकतो, मग ध्यानात येतं की खाटच मोडून माळवदावर टाकलीय. पण दहाव्याला जो तो येऊन म्हणत होता, बाई देवमाणूस होती, लोकांचे संसार उभे केले तिनं. ते ऐकून माझं डोकं फिरलं. तिनं संसार उभा केला हे खरंच. कशावर उभा केला ते तिला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि आणखी एकाला.

आमचं गाव जामखेडच्या अंगाला. रान हलकं, ज्वारी आली तर आली. दिवाळी झाली की अर्धं गाव कुलपं लावून ऊस तोडायला जायचं. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा पुढं ऊस तोडत जातो, बायको मागून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम अर्ध्या कोयत्याला दारात उभा करत नाही. बैलगाडीवर जायचं असेल तर दोन माणसांबरोबर दोन बैलही लागतात. गाडी तेवढी कारखान्याची.

लातूरकडं भूकंप झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. निघायच्या तोंडावर बायको कडब्याच्या गंजीवरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. बैल माझा एकच. दुसरा बैल बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा, त्याचाही एकच. आमची सावड होती. पेरणीला दोघांचे बैल एका औताला जुपायचे, आधी माझं रान, मग त्याचं. माझा तांबडा उजवीकडं चालायचा, त्याचा बांडा डावीकडं. बाजू बदलली तर दोघंही अडून बसायचे.

हा शेजारी पस्तिशीचा, बिनलग्नाचा. घरात म्हातारी आई आणि तो. याला कुणी पोरगी दिली नाही असं गाव म्हणायचं. यानं कुणाला मागितलीच नव्हती, हे मला माहीत होतं. तोंडाचा फटकळ, हसरा, ज्याला त्याला चिडवणार. आई मात्र त्याच्यावर कायम कावलेली.

मी डोक्याला हात लावून ओट्यावर बसलो होतो. बायको हात गळ्यात बांधून चुलीपुढं. तिथूनच म्हणाली, "रडत काय बसलाय? बैल जोडीनं चालत्यात, मानसं पन जोडा की. त्यालाच घ्या कोयत्याला."

"अन् मोळ्या कोन बांधील?"

"त्यो बांधील. मी बांधते ती काय जादू हाय व्हय?"

म्हणजे आमची जोडी तिनंच लावली. हे ती पुढं कधी विसरली नाही, आणि मला वाटतं तिचा खरा राग तिथंच होता. दुसऱ्या कुणी लावली असती तर तिनं बोंबलून मोकळं केलं असतं.

मुकादम पोट धरून हसला. "घेतो की, पर नवरा कोन अन् बायकू कोन, तेवडं सांगा. उद्या चिठ्ठीवर काय लिवू?"

शेजारी म्हणाला, "मुकादम, ज्याची कंबर धरंल ती त्या दिसाची बायकू."

टोळी नेवाशाच्या बाजूला उतरली. कालव्याच्या कडेला उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, कोप्या घातल्या. कोपी म्हणजे आत वाकून शिरायचं, उभं राहिलं की डोकं वाढ्यात. एका कोयत्याला एक कोपी, तशी आम्हालाही एक.

पहिल्या दिवसापासून थट्टा. सकाळी फडात शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "आज बायकू कोन रं?" दुपारपर्यंत मी तोडायचो, तो बांधायचा, दुपारनंतर उलट. बाया तर पदर तोंडात धरून हसायच्या. तो हात कमरेवर ठेवून म्हणायचा, "आज माजी पाळी हाय, वैनी. लुगडं वाळाया घातलंय, म्हनून धोतरावरच आले." कुणी विचारायचं, "मालक जीव लावतोय का न्हाई?" तर म्हणायचा, "मारत न्हाई, एवडंच बरं." सगळा फड हसायचा. मीही हसायचो.

त्या थट्टेनं आम्हाला सांभाळलं. जे होतं ते सगळे रोज मोठ्यानं म्हणत होते, म्हणून कुणाला खरं वाटत नव्हतं.

खरं कधी झालं ते सांगतो. कारखान्यात काहीतरी मोडतोड झाली आणि तोड थांबली. टोळी आठवड्याच्या बाजाराला गेली. आम्ही बैल घेऊन कालव्यावर गेलो. तो बांड्याला चोळत होता, मी तांबड्याला. मध्ये बैल, अलीकडं पलीकडं आम्ही. त्यानं बैलाच्या पाठीवरून हात लांबवून माझ्या मानेवरचं उसाचं कुसळ झाडलं आणि हात तिथंच ठेवला. त्याची बडबड बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मी चाळिशीला टेकलेला, दोन पोरांचा बाप. मला ते नवं होतं असंही नाही. पोरवयापासून आत काहीतरी होतं, त्यावर मी लग्नाचं झाकण टाकलं होतं. त्या दुपारी झाकण निघालं. पुढचं काय झालं ते झालं. लपवायचं आता वय नाही आणि सांगायची मला रीत येत नाही.

एवढं सांगतो, की मी गाडी खाली करून कारखान्यावरून यायचो तेव्हा पाणी तापलेलं असायचं. बायकोनंही तापवलं होतं जन्मभर. पण याच्या चुलीवर पाणी तापताना बघितलं की पायातला शीण फडातच राहायचा.

ज्याचा ऊस तोडत होतो तो बागायतदार रोज मोटारसायकलवर बांधाला येऊन थांबायचा. आमच्या दोघांचं काम त्याच्या डोळ्यात भरलं. एकदा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "माझी पलीकडं वस्ती आहे. विहिरीला पाणी आहे. राखायला माणूस टिकत नाही. तुम्ही दोघं राहा, वाट्यानं करा. पाडव्याला माणूस ठरवायचा आहे. तोवर सांगा."

आमच्याकडं सालाचं ठरतं ते गुढीपाडव्यालाच. पाडवा गेला की वर्ष गेलं.

आम्ही दोघं वस्ती बघून आलो. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात लिंब, विहिरीला खरंच पाणी. तो लहान पोरासारखा फिरत होता. चूल इथं, रांजण तिथं. लिंबाखाली पायानं माती उकरून म्हणाला, "हितं दावन. तांबडा उजव्या खुंट्याला, बांडा डाव्या. चालत्यात तशी बांधायची, न्हायतर रातभर हंबारत्याल."

मी म्हणालो, "अन् गावाकडं काय सांगायचं?"

"सांगायचं काय? लोकं पुन्याला जात्यात, सुप्याला कंपनीत जात्यात. आपन वाट्यानं शेती करतोय. वैनीला दर म्हैन्याला पैकं, पोरांला कापडं. कुनाचं काय बुडवतोय आपन?"

मला ते पटलं. बायकोला उपाशी ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त ती वस्ती पाहिजे होती. आयुष्यात मी दुसरं काही इतकं मागितलं नाही.

पाडवा महिन्यावर आला होता. दुपारची वेळ, वारं सुटलेलं. उसाच्या पाचटाचं कुसळ माझ्या डोळ्यात गेलं. फडात हे रोजचंच. डोळ्यात काही गेलं की बाया नवऱ्याचं तोंड धरून जिभेच्या शेंड्यानं काढतात. पाण्यानं निघत नाही ते जिभेनं निघतं. माझ्या बायकोनं कितीतरी वेळा काढलं होतं. मी डोळा चोळत बसलो तसा त्यानं हातातली मोळी टाकली, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, पापणी अंगठ्यानं वर केली आणि जीभ लावली.

"निघाला का कचरा?"

आवाज बायकोचा. ती बांधावर उभी, डोक्यावर पिठाचं गाठोडं. हात बरा झाला म्हणून गावाकडच्या ट्रकनं आली होती, न कळवता.

तो म्हणाला, "निघाला, वैनी."

"मग सोडा की त्यांचं डोस्कं."

आजूबाजूच्या बाया खिदळल्या. एक म्हणाली, "आगं बाई, तुजी सवत बघ कशी कामाची हाय!" सगळा फड हसला. तो हसला, मीही हसायला तोंड उघडलं. ती हसली नाही. गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या मागं येऊन मोळ्या बांधायला लागली. त्याला म्हणाली, "भावजी, तुमी सरका. माजी जागा हाय ती."

ती आल्यावर तो अर्धा कोयता झाला. आमच्या कोपीतलं आपलं अंथरूण त्यानं स्वतःच उचललं आणि गाडीखाली टाकलं.

चार दिवस तिचं काम तेवढं चाललं. भाकरी करायची, वाढायची, फडात यायची. पाचव्या दिवशी सकाळी तव्यावर भाकरी टाकताना म्हणाली, "त्या वस्तीचं मला बागायतदारानं सांगितलं. चांगली हाय म्हनत्यात."

मी म्हणालो, "तुला म्हैन्याला..."

"थांबा. मी बोलते, तुमी ऐका. मी आत्ता हितं उभी ऱ्हाऊन बोंब मारली तर काय हुईल? तुमाला काय हुनार न्हाई. तुमाला बायको हाय, पोरं हायत. लोकं म्हनत्याल, गडी चुकला, त्यानंच नादी लावला. पर त्याला? त्याच्यामागं कोन हाय? त्याला नागवा करून हान्त्याल ह्या कालव्याच्या कडंनं. अन् हाननाऱ्यात पयला मुकादम असंल, जो रोज हसतोय. खरं हाय का खोटं?"

खरं होतं. शेजारच्या एका गावात एकाला मारलेलं मी बघितलं होतं. गाढवावर बसवला होता, तोंडाला वंगण. त्याला बायको नव्हती. ज्याच्याबरोबर तो सापडला त्याला होती, तो गर्दीत उभा राहून दगड मारत होता.

मी म्हणालो, "तू काय म्हनशील ते करतो. त्याला हात लागाया नको."

"मला कुठं लावायचाय? मला तर त्याचं चांगलं करायचंय." भाकरी उलटून म्हणाली, "माजी धाकटी घरी बसलीय न्हवं? त्याला देऊ."

तिची धाकटी बहीण. पोर होत नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेली. माझ्या लग्नात परकर धरून मागं मागं फिरलेली पोरगी. आता भावाच्या दारात शेण काढत होती.

मी सरळ त्याच्याकडं गेलो. तो बैलांना वाढं टाकत होता. मी म्हणालो, "चल, आत्ता निघू. बैल सोड, वस्ती गेली खड्ड्यात. नाशिककडं जाऊ, गुजरातला जाऊ. कुठंबी मोळ्या बांधू."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आन् आई? आन् तुजी पोरं? त्यांला उद्या गावात कोन काय म्हनंल?" थोडा वेळ बांड्याच्या शिंगाला हात लावून उभा राहिला. आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. ते हसू मला अजून दिसतं. म्हणाला, "अरं येड्या, इचार तर कर. मी तिची बहीन केली तर मी तुजा कोन?"

"साडू."

"साडू! सख्खा साडू. मग कोन इचारतंय? सनाला तू माज्याकडं, मी तुज्याकडं. एका ताटात जेवलो तरी लोकं म्हनत्याल, साडू-साडू हायत, लई जीव हाय. दोन कोयतं, शेजारी शेजारी. तुजी बायको एवडी हुशार, पर तिच्या ध्यानात आलं न्हाई."

मला वाटलं, खरंच की. आम्ही दोघं औत हाकणारी माणसं. सावड केली की दोघांचं रान पिकतं एवढंच आम्हाला माहीत. नात्याचीही सावड होते असं वाटलं. ज्या बाईनं बैल बघून आमची जोडी लावली होती तिच्या ध्यानात आलं नाही, असं आम्ही समजलो. दोघंही हसलो त्या दिवशी.

लग्न कोप्यांपुढंच लागलं. दुसरेपणाच्या बाईला मांडव नसतोच. मुकादमानं एक संध्याकाळ सुट्टी दिली. गावाकडून शेजाऱ्याची आई आणली, ती एकसारखी माझ्या बायकोच्या पाया पडत होती. "बाई, माज्या लेकाला मानसात आनलंस," म्हणून. बायकोनं आपल्या बऱ्या झालेल्या हातानं त्याला हळद लावली. कानामागं, मानेवर, कुठं सोडली नाही.

आमच्याकडं लग्नात भेट असते. मुलीकडचा थोरला आणि मुलाकडचा थोरला सगळ्यांपुढं एकमेकांना मिठी मारतात, मग नातं पक्कं. मुलीकडचा थोरला मी. तिचा भाऊ माझ्याहून लहान होता, आणि बायकोनंच मला पुढं ढकललं. मुलाकडून कुणी गडी माणूस नव्हताच. मुकादम म्हणाला, "आता काय करायचं? नवरदेवानंच द्यावी भेट. कोयताच हुता तुमचा, लाजताय कशाला?"

तो उठला. मुंडावळ्या बाजूला केल्या. आम्ही सगळ्यांपुढं एकमेकांना मिठी मारली. त्याच्या मानेवरची हळद माझ्या गालाला लागली.

"आवळून धरा, आवं!" बायको मागून ओरडली. "अशी भेट पुन्यांदा मिळायची न्हाई!"

टाळ्या पडल्या. लोक इतके हसले की एका म्हाताऱ्याला ठसका लागला. जी थट्टा आमचं पांघरूण होती ती तिनं त्या दिवशी आमच्या अंगावरून ओढून घेतली, आणि लोकांना तेही कळलं नाही. त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मिठी सोडली आणि परत कधी माझ्याकडं सरळ बघितलं नाही. नवरी खाली मान घालून बसली होती. तिला काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, ते मला आजवर कळलं नाही.

लगोलग पाडवा आला. बागायतदार मोटारसायकल लावून उतरला. "काय ठरलं मग तुमचं दोघांचं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको पदर सावरत पुढं झाली. "ठरलंय की, मालक. जोडी तयार हाय. माजी बहीन अन् हे पाव्हनं. आमी काय, आमचं घरदार तिकडं. पर ह्यांचा नवा संसार हाय, तुमच्या वस्तीवर सुखानं ऱ्हात्याल."

भावजीचा तो पाव्हना झाला. त्या दिवसापासून मरेपर्यंत ती त्याला पाव्हनंच म्हणाली.

बागायतदार खूष झाला. "बाईमाणूस असलं की वस्तीला कळा येते. दोन गड्यांचं काय, आज आहेत उद्या नाहीत. फक्त बैल..."

"त्यांचा बैल घेऊन येत्याल की," बायको म्हणाली. "एक तुमी घ्या जोडीला."

मी त्याच्याकडं बघितलं. तो बांड्याचा कासरा सोडत होता. नाही म्हणायला त्याला जागा उरली नव्हती. नवरा झाला होता तो, आणि नवऱ्याला घर मिळत होतं. सगळी टोळी म्हणत होती, काय नशीब काढलं गड्यानं. वस्ती आम्ही दोघांनी बघितली, चूल कुठं, रांजण कुठं, दावण कुठं हे दोघांनी ठरवलं, आणि त्यात ती दोघं राहायला गेली. बांडा वळून वळून बघत होता. तांबडा त्या दिवशी वाढ्याला शिवला नाही. मी शिवलो. भाकरी खाल्ली. बायकोनं वाढली आणि समोर बसून राहिली मी संपवेपर्यंत.

गाडी कारखान्याला जमा केली आणि तांबड्याला टोळीच्या ट्रकात एकटाच चढवून गावाकडं आणला. रस्त्यात ती म्हणाली, "आता बोला. कुनाचं वाईट केलं मी?"

मी तांबड्याचा कासरा आवळून धरला. तिची बहीण त्या वस्तीवर नांदली. जिला पोर होत नाही म्हणून हाकलली तिला दोन लेकरं झाली. पहिल्याची बातमी आली त्या दिवशी बायकोनं गावात पेढे वाटले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

"खा की. साडूला पोरगं झालं."

पुढं ती दरवर्षी नागपंचमीला बहिणीकडं जायची. मला कधी नेलं नाही. ढोरं कोण बघणार, रान कोण राखणार. आली की चार दिवस जेवताना सांगत बसायची. पाव्हन्यानं दारात कडीपत्ता लावलाय. पाव्हनं आता बोलत न्हाईत जास्त, पर बाईला जपत्यात. पाव्हन्याला दम्यासारखं झालंय. मी ताटात बघून ऐकायचो. ती मुद्दाम सांगते हे मला कळत होतं, आणि पुढच्या नागपंचमीची मी वाट बघतो हे तिला कळत होतं. एका वर्षी ती आल्यावर काहीच बोलली नाही. तीन दिवस मी थांबलो. शेवटी विचारलं, "बरी हायत का सगळी?" ती म्हणाली, "इचारलंत एकदाचं." आणि भाकरी तोडून खायला लागली. सांगितलं नाहीच.

लग्नकार्यात तो दिसायचा. राम राम व्हायचा. साडू-साडू म्हणून लोक आम्हाला एका पंगतीत शेजारी बसवायचे. आम्ही जेवायचो आणि उठायचो. त्याची बडबड गेली होती. कुणी चिडवलं तरी हसायचा नाही.

दहाव्याला तो आला. काठी टेकत, माझ्या मेहुणीला घेऊन. लोकांनी बोलायला सांगितलं तर उभा राहिला, ज्याला चार वाक्यं सलग बोलताना मी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं तो. म्हणाला, "माजं घर ह्या बाईनं केलं. न्हाईतर मी कुठं कुत्र्यावानी मेलो असतो." आणि रडला. खरा रडला. मी नीट बघत होतो. त्यात मला काही खोटं सापडलं नाही.

नंतर नदीच्या काठाला दोघंच दगडावर बसलो. मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं, "लिंबाखाली दावन घातली हुती का?"

"घातली हुती की."

"उजवा खुंटा?"

तो काठीनं वाळू उकरायला लागला. "मालकाचा बैल तिथं बांधू दिला न्हाई मी. लई दिस रिकामा ठिवला. मग हिनं कोंबड्यांचं खुराडं घातलं तिथं." पुढं म्हणाला, "लिंब बी तोडला आता. मालकाच्या पोरानं गाळं काढलं रस्त्याला."

तेवढ्यात वारं आलं. राख का वाळू काय होतं, माझ्या डोळ्यात गेलं. मी डोळा धरून खाली वाकलो. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याचा हात काठीवरून उचललेला मी दुसऱ्या डोळ्यानं बघितला. मग तो परत काठीवर गेला.

"अगं ए," त्यानं बायकोला हाक मारली. "हिकडं ये. दाजींच्या डोळ्यात कायतरी गेलंय, बघ जरा."

मेहुणी लगबगीनं आली. माझं तोंड वर केलं, पदराचा शेव पिळून डोळ्यातनं फिरवला, फुंकर मारली. हात तिच्या बहिणीसारखाच, जड.

"निघालं का?" त्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"निघालं," मी म्हणालो.

निघालं नव्हतं. ती दोघं दुपारच्या एसटीनं गेली.